सौर पंपाचे मोजमाप: वॉट की पाण्याचे तास?

शेतावरच्या सौर पंपांसाठी केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने जे तांत्रिक निकष ठरवले, त्यांत पंपाने दिवसाला किती लिटर पाणी उपसले पाहिजे याचे तक्ते दिलेले आहेत. त्या तक्त्यांखाली एक टीप आहे. हे आकडे निरभ्र दिवसाचे आहेत, आणि पॅनेलची दिशा दिवसातून तीन वेळा बदलली जाईल असे धरून ते काढलेले आहेत, असे ती टीप सांगते. निकषांच्या मुख्य भागातही पंपाची कार्यक्षमता वाढावी म्हणून ऋतूनुसार पॅनेलचा कल बदलण्याची आणि दिवसातून तीनदा हाताने ते फिरवण्याची सोय सांगाड्यात असावी, असे म्हटले आहे. योजनेच्या जाहिरातीत मात्र पाण्याचा आकडा येतो आणि टीप गळते. उद्घाटनाच्या भाषणात तर आकडाही येत नाही, फक्त पंपांची संख्या येते.

तीन अश्वशक्तीचा, ३,००० वॉट पॅनेलवर चालणारा एसी पाणबुडी पंप पन्नास मीटर खोलीवरून दिवसाला ६३,००० लिटर पाणी देईल, असे हे निकष सांगतात. त्यासाठी पॅनेलच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला दिवसभरात ७.१५ युनिट (किलोवॉट-तास) इतके ऊन पडले पाहिजे. महाराष्ट्रात एका जागी पक्क्या बसवलेल्या पॅनेलवर पडणाऱ्या उन्हाची वर्षभराची सरासरी साधारण साडेपाच-पावणेसहा युनिटांच्या घरात जाते. निरभ्र दिवस आणि सूर्यामागे फिरणारे पॅनेल या दोन गोष्टी जुळल्याशिवाय ७.१५ चा आकडा गाठणे कठीण आहे. ज्या शेतकऱ्याला या तक्त्याच्या आधारे पंप दिला जातो आणि ज्याच्या शेतातल्या प्लेटा बसवल्या दिवसापासून दक्षिणेकडे तोंड करून हलल्याच नाहीत, त्याला सांगितलेले पाणी आणि मिळणारे पाणी यांत फरक पडणारच. तो फरक नेमका किती पडतो याची जाहीर नोंद कोणी ठेवत नाही. माझे म्हणणे असे आहे की सरकारने सौर पंपांचे मोजमाप वॉट आणि अश्वशक्तीत करणे थांबवून ते पाणी आणि तास यांत करावे. तसे झाले तर पॅनेल फिरवण्याचा जो प्रश्न आज ठेकेदाराचाही नाही, महावितरणचाही नाही आणि नीट माहिती नसल्यामुळे शेतकऱ्याचाही नाही, त्याला कोणीतरी धनी मिळेल.

पॅनेल फिरवल्याने काय साधते, हे आधी नीट पाहिले पाहिजे. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणून आपल्याला सूर्य तासाला पंधरा अंश पश्चिमेकडे सरकलेला दिसतो. पॅनेल दक्षिणेकडे आपल्या अक्षांशाइतके, म्हणजे पुण्याच्या आसपास साडेअठरा अंश, कलते बसवले की मध्यान्हाला ऊन त्यावर जवळजवळ सरळ पडते. मध्यान्हापासून तीन तास दूर गेलो की त्याच उन्हाचा ७१ टक्के भाग पॅनेलच्या वाट्याला येतो, चार तास दूर गेलो की निम्मा, आणि पाच तास दूर गेलो की जेमतेम चौथाई. हा केवळ तिरपेपणाचा परिणाम आहे. सकाळ-संध्याकाळी ऊन हवेच्या अधिक जाड थरातून येते म्हणून होणारी घट त्याखेरीज आहे. इथे मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि पुणे तिच्या पश्चिमेला जवळजवळ पावणेनऊ अंशांवर, त्यामुळे पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीने बारा वाजून पस्तीस मिनिटांच्या सुमारास; नागपुरात तो त्याच्या वीसेक मिनिटे आधी येतो. तेव्हा पुणे परिसरात पॅनेलवर पडणारे ऊन सकाळी साडेआठच्या सुमारास आणि दुपारी साडेचारच्या सुमारास निम्म्यावर आलेले असते.

घरावरच्या पॅनेलच्या बाबतीत हे निम्मे म्हणजे निम्मी वीज, आणि ती वीज कुठेतरी उपयोगी पडतेच. पंपाचे तसे नाही, आणि सौर पंपांवरच्या चर्चेत ही गोष्ट फारशी कोणी मांडत नाही, म्हणून ती सविस्तर सांगतो. विहिरीतून किंवा बोअरमधून पाणी वर आणणारा पंप पाण्याला एका ठरावीक उंचीपर्यंत ढकलू शकला तरच पाणी बाहेर येते. पंपाचा वेग कमी झाला की पाण्याचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात घटतो, पण पाणी चढवण्याची उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग ८० टक्क्यांवर आला की उंची ६४ टक्क्यांवर येते आणि त्या वेळी पंप सुमारे ५१ टक्के शक्ती घेत असतो. समजा बोअरमधले पाणी पन्नास मीटरवर आहे आणि पूर्ण वेगाने पंप जास्तीत जास्त पंचाहत्तर मीटरपर्यंत पाणी ढकलू शकतो. निम्म्या शक्तीवर त्याची मजल अठ्ठेचाळीस मीटरपर्यंतच जाईल. म्हणजे मोटर फिरते आहे, कंट्रोलरवर आकडे दिसत आहेत, प्लेटांवर ऊन पडलेले डोळ्यांना दिसते आहे, आणि पाइपातून थेंबही येत नाही. मराठवाड्यात जिथे पाण्याची पातळी उन्हाळ्यात खाली जाते, तिथे ही मर्यादा आणखी लवकर गाठली जाते. म्हणून पॅनेल फिरवल्याने विजेत जितके टक्के वाढ होते, त्याहून अधिक टक्के वाढ पाण्यात होते. आणि विहीर जितकी खोल, तितका हा फरक मोठा. ‘ट्रॅकरने (पॅनेल सूर्यामागे फिरवणाऱ्या यंत्रणेने) पंधरा-वीस टक्के वीज वाढते, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला’ असे म्हणणारे अभियंते विजेचा हिशेब करतात. शेतकऱ्याला हिशेब पाण्याचा हवा असतो.

आता तीन वेळा फिरवण्याच्या त्या जुन्या शिफारशीकडे पाहू. ती कागदी वाटते, पण तिच्यामागचे गणित पक्के आहे. पॅनेल सकाळी पूर्वेकडे ४५ अंश, मधल्या वेळी सरळ आणि दुपारनंतर पश्चिमेकडे ४५ अंश असे तीनच ठिकाणी थांबवायचे, असे धरले तर बदल करायच्या वेळा मध्यान्हाच्या दीड तास आधी आणि दीड तास नंतर येतात. पुण्याच्या घड्याळात अकराच्या सुमारास आणि दोनच्या सुमारास. तिसरा बदल संध्याकाळचा, पॅनेल पुन्हा पूर्वेकडे वळवून ठेवण्याचा. एवढे केले तर बदलाच्या ऐन क्षणी पॅनेलवर ९२ टक्के ऊन पडते, आणि सकाळी साडेसातच्या थोडे पुढे ते संध्याकाळी साडेपाचच्या थोडे पुढे या दहा तासांत तिरपेपणामुळे होणारी घट कधीही साडेतेरा टक्क्यांपलीकडे जात नाही. मोटर, सेन्सर आणि सूर्याचे स्थान मिनिटामिनिटाला मोजणारी संगणकीय यंत्रणा बसवून यात जी भर पडेल ती थोडीच आहे. सपाट पॅनेल मोठे सहनशील असते. ते सूर्यापासून पंधरा अंश चुकले तरी साडेतीन टक्क्यांहून कमी ऊन गमावते.

सगळी सौर साधने अशी नसतात, आणि हा फरक लक्षात न घेतल्यामुळे ‘सूर्यामागे फिरणारे यंत्र’ म्हटले की महागड्या, नाजूक यंत्राचे चित्र अनेकांच्या डोळ्यांपुढे येते. शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर २००९ पासून वाफेवर स्वयंपाक करण्यासाठी ७३ परावर्तक तबकड्या आहेत. लातूरच्या महानंद डेअरीत दूध तापवण्यासाठी आयआयटी मुंबईत शिरीष केदारे यांच्या संशोधनातून घडलेली ‘अरुण’ ही प्रचंड तबकडी बसवली गेली. या साधनांना सूर्याचे किरण एका छोट्या जागी गोळा करायचे असतात. आकाशातले सूर्यबिंब स्वतःच अर्ध्या अंशाचे आहे, त्यामुळे तबकडीची दिशा एखाद्या अंशाने चुकली तरी तेज ते झेलणाऱ्या भागावरून घसरते आणि वाफ बनणे मंदावते. तिथे अचूकपणा हा ऐच्छिक नाही. पंपाच्या प्लेटांना तो लागत नाही. त्यांना लागते ते दिवसातून तीन वेळा कोणीतरी हात लावणे, आणि नेमके तेच होत नाही.

ते का होत नाही, हे सांगाड्याजवळ उभे राहिले की कळते. मध्ये एक जाड लोखंडी खांब, त्यावर एक आडवी दांडी, तिच्यावर चौकट आणि चौकटीवर सहा ते दहा प्लेटा. काच, ॲल्युमिनियम आणि लोखंड मिळून दोनशे किलोंच्या वर वजन सहज भरते. चौकट आणि खांब यांना जोडणारी एक भोके पाडलेली पट्टी असते आणि भोकातून एक पिन किंवा नट-बोल्ट घातलेला असतो. पट्टीतली भोके म्हणजेच पूर्व, मध्य आणि पश्चिम. वजन दांडीच्या दोन्ही बाजूंना नीट तोलले असेल तर पिन काढून एका माणसाला चौकट हलवता येते. तोल चुकलेला असेल तर पिन काढताच सगळी चौकट एका बाजूला झेपावते, आणि एकदा बोटे सापडता सापडता वाचली की घरातले कोणी पुन्हा तिच्या वाटेला जात नाही. बरेचदा पिनेऐवजी बोल्ट घातलेला असतो, तो सोडवायला दोन पाने लागतात, आणि एक पावसाळा उलटला की नट गंजून बोल्टाशी एकजीव होतो. पॅनेल खाली आणि वर करण्यासाठी लागणारी केबलची ढील ठेवलेली नसली तर फिरवताना वायर ताणली जाते. कुठे कुठे वाऱ्याची भीती म्हणून पट्टी सरळ वेल्डिंग करून टाकलेली दिसते. यातली एकही अडचण विज्ञानाची नाही. तोल सांभाळलेली चौकट, गंज न धरणारी आणि हाताने ओढता येणारी पिन, हात पोहोचेल अशा उंचीवर एक दांडा आणि पुरेशी ढील असलेली केबल, एवढे निविदेत स्पष्ट लिहिले आणि काम ताब्यात घेताना शेतकऱ्याकडून प्रत्यक्ष फिरवून घेऊन तपासले, तर सांगाड्याचा खर्च फारसा वाढत नाही.

तरीही एक खरी अडचण उरते, आणि ती माणसांच्या वेळेची आहे. सकाळी अकरा आणि दुपारी दोन या वेळा कोणीतरी पंपाजवळ आहे असे हे निकष गृहीत धरतात. वस्ती शेतातच असेल तर ते जमते. पण शेत गावापासून तीन-चार किलोमीटरवर असेल, घरातला एक माणूस तालुक्याला कामाला आणि दुसरी मजुरीला दुसऱ्याच्या रानात असेल, तर तीनशे दिवस हे काम कोण करणार? ठिबकवर पंप आपोआप चालू आणि बंद होतो, हाच सौर पंपाचा मोठा फायदा सांगितला जातो. मग त्याच पंपासाठी माणसाने दिवसभर अडकून राहावे हे विसंगत आहे. अशा ठिकाणी छोटी मोटर आणि घड्याळ असलेली साधी यंत्रणा रास्त ठरते. तिलाही मिनिटामिनिटाचा अचूकपणा नको; तीन किंवा पाच थांबे पुरतात. मोटरीला वर्म गिअर असला की वाऱ्याच्या दाबाने चौकट उलट फिरत नाही, आणि अक्षांश-रेखांश व तारीख-वेळ दिली की सूर्याचे स्थान गणिताने काढता येते, उन्हाकडे पाहणारा सेन्सर लागत नाही. तो सेन्सर आपल्याकडे धुळीने माखतो आणि ढगाळ दिवशी गोंधळतो, हे सांगायला नको.

हा फिरवण्याचा प्रश्न आजचा नाही, आणि त्याचा एक जुना धागा मुंबईतच आहे. मुंबई उच्च न्यायालयात उपनिबंधक असलेले विल्यम ॲडम्स यांनी १८७० च्या दशकात कुलाब्यात बऱ्याच छोट्या सपाट आरशांची एक चौकट उभारून सगळ्या आरशांचे ऊन एका बॉयलरवर पाडले आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालवून पाणी उपसून दाखवले. आरशांची चौकट अर्धवर्तुळाकार मार्गावर होती आणि सूर्य सरकेल तसा एक नोकर ती ढकलत असे. त्याच काळात फ्रान्समध्ये ऑगस्टां मूशो घड्याळी यंत्राने फिरणारे सौर यंत्र करू पाहत होते. ॲडम्स यांनी त्याऐवजी माणूस लावला, कारण त्या काळच्या मुंबईत मजुरी स्वस्त होती. पुढे १९१३ मध्ये अमेरिकन अभियंता फ्रँक शूमन यांनी कैरोजवळ मादी इथे नाईलचे पाणी शेतीला देण्यासाठी बासष्ट मीटर लांबीचे पाच परावर्तक पन्हळ उभारले, आणि ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत सूर्याबरोबर आपोआप झुकत असत. सौर ऊर्जेवरची ही दोन आरंभीची यंत्रे पाणी उपसणारीच होती, आणि दोघांनीही फिरवणाऱ्याचा प्रश्न यंत्र आखतानाच सोडवला होता: एकाने माणूस नेमून, दुसऱ्याने यंत्र जोडून. आज आपण लाखोंच्या संख्येने सौर पंप बसवतो आहोत आणि फिरवणारा कोण, हे ठरवलेले नाही.

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की पॅनेल आता इतकी स्वस्त झाली आहेत की फिरवण्याच्या भानगडीत पडण्यापेक्षा चार प्लेटा जास्त लावाव्यात. हा आक्षेप मी मनापासून मान्य करतो, आणि त्यातच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. हलणारा भाग नसला की बिघाड नाही. काही प्लेटा पूर्वेकडे आणि काही पश्चिमेकडे तोंड करून पक्क्या बसवल्या तर सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही भरून निघतात, दुपारचा अतिरेक कमी होतो, आणि पंपाला दिवसभर सारखी वीज मिळते. ज्याच्याकडे जागा आहे आणि माणूस नाही, त्याच्यासाठी हाच मार्ग चांगला. पण आजच्या योजनेत हा मार्गही बंद आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्ती असा पंप ठरतो. शेतकरी दहा टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर पाच टक्के रक्कम भरतो. आणि अश्वशक्तीमागे पॅनेलचे वॉट ठरलेले असतात. ठेकेदाराला पैसे मिळतात ते ठरलेल्या अश्वशक्तीचा पंप आणि ठरलेल्या वॉटची पॅनेल बसवल्याबद्दल. त्याने पूर्व-पश्चिम मांडणी केली, किंवा सहज फिरणारा सांगाडा दिला, किंवा यातले काहीच न करता दक्षिणेकडे तोंड करून पक्के वेल्डिंग केले, तरी त्याच्या बिलात फरक पडत नाही. म्हणून फिरते की स्थिर हा वाद सरकारने सोडवू नये. सरकारने इतकेच ठरवावे की अमुक खोलीवरून, मार्च ते मे या काळातल्या निरभ्र दिवशी, पंपाने अमुक तास आणि अमुक पाणी दिले पाहिजे. मग ते कसे द्यायचे हे पुरवठादाराने पाहावे.

मार्च ते मे असे मी मुद्दाम म्हणतो. पावसाळ्यात आकाश ढगाळ असते, ऊन सगळ्या दिशांनी विखुरलेले येते आणि फिरणाऱ्या पॅनेलचा फायदा जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे वर्षभराच्या सरासरीत ट्रॅकरचा लाभ कमी दिसतो. पण त्या महिन्यांत पंपाची गरजही सर्वांत कमी असते. फायदा जेव्हा भरपूर मिळतो ते निरभ्र महिने आणि पिकाला पाणी हवे असते ते महिने महाराष्ट्रात एकच आहेत. वार्षिक सरासरी पुढे करून या यंत्रणेला नाकारणारे अहवाल हा ऋतूंचा मेळ बाजूला ठेवतात.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. सौर पंपाला चालवण्याचा खर्च नाही, म्हणून त्याचे तास वाढवणे म्हणजे आधीच खोल गेलेल्या भूजलाचा आणखी उपसा करणे, असे पाण्याच्या क्षेत्रात काम करणारे लोक म्हणतात, आणि मराठवाड्याकडे पाहिले तर त्यांचे म्हणणे खोडून काढता येत नाही. माझे उत्तर असे की भूजलावर मर्यादा हवीच, पण ती उघडपणे आणि सर्वांना सारखी हवी. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा आहे. पाणलोटनिहाय ताळेबंद, पीकपद्धती आणि बोअरच्या खोलीवरचे निर्बंध यांची अंमलबजावणी हे त्याचे खरे काम आहे. आजची मर्यादा मात्र चुकीच्या कोनाची आहे: ज्याच्याकडे दहा अश्वशक्तीची विजेची मोटर आणि उसाचा फड आहे तो हवे तितके उपसतो, आणि ज्याने वीजजोडणीची वर्षानुवर्षे वाट पाहून सौर पंप घेतला त्याचे पाणी चारच्या आधी थांबते. शिवाय तास वाढले म्हणजे पाणी वाढलेच पाहिजे असे नाही. ठिबकला मोठा प्रवाह लागत नाही, दीर्घकाळ स्थिर दाब लागतो. लांबलेला आणि सपाट दिवस ठिबकला अधिक मानवतो, तर दुपारच्या तीन-चार तासांचा जोरदार प्रवाह पाटपाण्याकडे ढकलतो. पाण्याची गरज नसेल त्या दिवशी तीच वीज कडबाकुट्टीला किंवा पिठाच्या गिरणीला देता यावी यासाठी बहुउपयोगी कंट्रोलरची सोय मंत्रालयाने स्वीकारलेली आहे. ती पंपाबरोबर सरसकट दिली पाहिजे.

आता मोठ्या प्रकल्पांकडे येतो, कारण राज्याचा अधिक मोठा डाव तिथे आहे. २०१७ मध्ये राळेगणसिद्धीतून सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०२३ मध्ये दुसऱ्या रूपात विस्तारली. शेतीच्या वीजवाहिन्या उपकेंद्राजवळच्या सौर प्रकल्पांवर चालवून शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायची, हा तिचा हेतू. या हेतूबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. रात्रीच्या पाळीला दारे धरायला गेलेल्या माणसांना साप चावल्याच्या, विहिरीत पडल्याच्या, शॉक लागल्याच्या बातम्या या राज्याने वर्षानुवर्षे वाचल्या आहेत, आणि ‘दिवसा आठ तास वीज’ ही मागणी त्यातून आलेली आहे. पण स्थिर पॅनेलच्या प्रकल्पातून निघणारी वीज दुपारी टोकाला जाते आणि दोन्ही बाजूंना उतरते. सकाळी आठ-नऊ आणि दुपारी चार-पाच या वेळचे पंप मग बाहेरून, प्रामुख्याने कोळशाच्या विजेवर चालवावे लागतात. उत्तर-दक्षिण आडव्या दांड्यावर पॅनेल बसवून ती सकाळी पूर्वेकडे आणि संध्याकाळी पश्चिमेकडे झुकवणारी एकाक्षी यंत्रणा हा उतार बराचसा भरून काढते, आणि महाराष्ट्रासारख्या विषुववृत्ताकडच्या प्रदेशात ती जर्मनीपेक्षा कितीतरी चांगली चालते, कारण इथे सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावरून जातो. गुजरातेत खावड्याच्या रणात ती मोठ्या प्रमाणावर वापरली जात आहे.

आपल्याकडे तिच्या वाटेत दोन अडचणी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. एका रांगेतले पन्नास-साठ मीटर लांबीचे दांडे ज्या खांबांवर टेकलेले असतात ते खांब वर्षागणिक थोडे थोडे सरकले तर दांडा अडकतो आणि मोटर जळते. त्यासाठी पाया खोल न्यावा लागतो, रांगा आखूड ठेवाव्या लागतात आणि सांध्यांना थोडी मोकळीक द्यावी लागते. या गोष्टी खर्च वाढवतात. दुसरी अडचण वाऱ्याची. वळवाच्या वादळात पॅनेल आडवे करून ठेवणे सुरक्षित, तर गारपिटीत ते जवळजवळ उभे करणे सुरक्षित; २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात झाली तशी गारपीट वाऱ्याबरोबर आली तर यंत्रणेला दोहोंतून एक निवडावे लागते. तरीही स्थिर पॅनेलला ही निवडसुद्धा नसते, हेही ध्यानात घ्यावे. एक उणीव आणखी आहे: सकाळी आणि संध्याकाळी फार झुकलेली रांग मागच्या रांगेवर सावली टाकते, म्हणून यंत्रणेला त्या वेळी थोडे मागे फिरून आडवे व्हावे लागते, जमीन कमी आणि रांगा दाट असल्या की फायदा तेवढा कमी होतो. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाड्याने घेतलेल्या जमिनीवर रांगांमधले अंतर वाढवायला कोणी सहज तयार होत नाही.

या अडचणी पेलून ट्रॅकर लावावा की नाही, हा निर्णय प्रकल्पाच्या मालकाने करावा. पण त्याच्यापुढचा हिशेब तरी खरा असला पाहिजे. आज महावितरण त्याच्याकडून प्रत्येक युनिट एकाच दराने घेते, मग ते दुपारी साडेबाराला निघालेले असो की साडेचारला. ग्राहकाच्या बाजूला मात्र वेळेचे भान आलेले आहे. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी उन्हाच्या तासांत वीज स्वस्त आणि गर्दीच्या तासांत महाग करण्याचे सूत्र घातले, आणि महाराष्ट्रात स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकालाही सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत सवलत मिळू लागली. दुपारची वीज स्वस्त आहे असे वापरणाऱ्याला सांगायचे आणि बनवणाऱ्याला दुपारचीच वीज जास्तीत जास्त बनवण्याचे पैसे द्यायचे, हे धोरण स्वतःशीच भांडते. कृषी वाहिनीच्या पुढच्या निविदांमध्ये सकाळी साडेनऊच्या आधीच्या आणि दुपारी साडेतीननंतरच्या युनिटांना थोडा जास्त आणि मधल्या युनिटांना थोडा कमी दर ठेवावा. एकूण खर्च तोच राहील असा हा बदल वीज नियामक आयोगाला करता येण्याजोगा आहे. मग कोणी ट्रॅकर लावेल, कोणी पूर्व-पश्चिम मांडणी करेल, कोणी बॅटरी ठेवेल.

सौर पंपांसाठी तर नवीन यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. पीएम-कुसुम या केंद्राच्या सौर पंप योजनेखालच्या पंपांना दूरस्थ देखरेखीचे उपकरण बसवणे बंधनकारक आहे. सिमकार्डावरून त्याची माहिती सर्व्हरवर जाते आणि पंप कोणत्या दिवशी किती तास चालला हे त्यातून कळते. ती माहिती शेतकऱ्याचे नाव वगळून तालुकावार आणि पुरवठादारवार दर महिन्याला जाहीर करावी. पाच वर्षांच्या देखभालीच्या करारातली रक्कम त्या तासांशी जोडावी. आणि ज्या तक्त्यावर ६३,००० लिटर असे छापले आहे, त्या तक्त्याच्या शेजारी पॅनेल न फिरवता मिळणाऱ्या पाण्याचा आकडा तितक्याच ठळक अक्षरांत, मराठीत, अर्जाच्या पहिल्या पानावर छापावा, म्हणजे दहा टक्के रक्कम भरण्याआधी शेतकऱ्याला आपल्याला कोणता सांगाडा हवा हे विचारता येईल.